ओटीवरचा पाहुणा

ओन्तानासहून पहाटे निघाले तेव्हा टाचेचा फोड शाबूत होता. कास्त्रोहेरिसच्या पुढे मोस्तेलारेसचा चढ चढून पलीकडे उतरेपर्यंत तो फुटला. मेसेताच्या त्या पठारावर सावली नावाला नाही. दोन्ही बाजूंना कापलेल्या गव्हाची खुंटं, डोक्यावर जुलैचं ऊन, आणि मी एक पाय वाकडा टाकत चाललेली. सोळावा दिवस होता.

संत याकोबाच्या कबरीकडे, स्पेनमधल्या सान्तियागोला जाणाऱ्या या वाटेला सगळे ‘कामिनो’ म्हणतात. मी वसईत घरी सांगताना वारीच म्हणते. फ्रान्सच्या हद्दीतल्या सेंट जीनपासून पावणेआठशे किलोमीटरच्या आसपास. पण आपल्या वारीत आणि या वारीत एक मोठा फरक आहे. आपल्याकडे वारकऱ्याला दिंडी असते, पुढे गेलेला सामानाचा ट्रक असतो, रात्रीचा तंबू ठरलेला असतो. इथे ज्याचं त्याने चालायचं आणि रोज दुपारी एका अनोळखी गावात, अनोळखी दारापुढे जाऊन उभं राहायचं. दार उघडलं तर मुक्काम. बाकी सगळं चालणं पायांचं. हे दारापुढचं उभं राहणं मात्र मला शेवटपर्यंत जड गेलं.

पैसे देऊन राहायच्या धर्मशाळा पुष्कळ आहेत, त्यांना अल्बेर्गे म्हणतात. तिथे हा प्रश्न नसतो. पण काही ठिकाणी दरच नाही. ग्रान्योनला आम्ही चर्चच्या बुरुजात, जमिनीवरच्या गाद्यांवर झोपलो. तिथे दानाची पेटी उघडीच असते आणि वर लिहिलेलं असतं: ठेवता येईल ते ठेव, लागेल ते घे. मी वीस युरो ठेवले आणि कुणी पाहिलं का, म्हणून मागे वळून पाहिलं. काय करणार, सवय!

त्या दिवशी सकाळी सान अन्तोनच्या पडक्या मठाखालून गेले. डांबरी रस्ता सरळ त्या कमानीतूनच जातो. बाराव्या शतकातला हा मठ, ‘संत अंतोनीची आग’ नावाच्या रोगाने हातपाय काळे पडलेल्यांची शुश्रूषा करणारा. तो रोग बुरशी लागलेल्या धान्याच्या पिठातून होई, हे पुढे कळलं. कमानीच्या भिंतीत दिवळीएवढे दोन कोनाडे आहेत. रात्री उशिरा, दार बंद झाल्यावर येणाऱ्या वाटसरूंसाठी मठवासी तिथे भाकरी ठेवायचे. मी कोनाड्यात हात घालून पाहिला. दगड गार होता, आणि कुणीतरी एक चिठ्ठी आणि अर्धवट चॉकलेट ठेवलं होतं.

मग तो फोड. पिसुएर्गा नदीच्या पुलाअलीकडे सान निकोलास नावाची तेराव्या शतकातली जुनी, लांबट दगडी वास्तू आहे. इटलीतल्या पेरुजाचा एक याकोबभक्त संघ ती चालवतो. आत एकच दालन: एका टोकाला वेदी, मधे जेवणाचं लांब टेबल, दुसऱ्या टोकाला दहाबारा खाटा. दालनात वीज नाही, मेणबत्त्या. दारात उभ्या पांढऱ्या केसांच्या ओस्पितालेरोने, म्हणजे सेवेकऱ्याने, आधी माझी पाठपिशवी उतरवून घेतली. नाव नंतर विचारलं.

जेवणाआधी आम्हाला वेदीजवळ गोल बसवलं. त्याने खांद्यावर शिंपल्यांचा आखूड झगा चढवला, गुडघे टेकले, आणि घागरीतून पाणी ओतत एकेकाचा पाय धुवायला लागला. पवित्र गुरुवारी आमच्या फादरांना बारा जणांचे पाय धुताना मी जन्मभर पाहत आलेय. ते बाराही जण घरून पाय स्वच्छ धुऊन येतात, हे सगळ्या गावाला माहीत असतं. इथे माझी टाच फुटलेली, नखांत माती. मी पाय मागे ओढला. येशू शिष्यांचे पाय धुवायला बसला तेव्हा पेत्र या शिष्यानेही नको म्हटलं होतं, ते का, हे मला त्या क्षणी कळलं. ओस्पितालेरो काही बोलला नाही. हात पुढे धरून थांबला. शेवटी मीच पाय दिला. त्याने फोड सांभाळून पाणी घातलं, पुसलं आणि पायाचं चुंबन घेतलं.

मला वसई आठवली. जुलै २०१८ मध्ये पाणी चढलं होतं, दिवसचे दिवस वीज नव्हती. मिठागराकडचं एक कुटुंब आमच्या फाटकाशी आलं, दोन मुलं, बोलणं आपल्याकडचं नव्हे. मी त्यांना ओटीवर बसवलं, चहा दिला, बटर दिले. आत मात्र घेतलं नाही. मधलं दार ओढून घेतलं होतं. अंधार पडता पडता ते उठून शाळेकडे गेले, आणि मला खरं सांगायचं तर बरं वाटलं. पुढे कितीतरी वर्षं मी ही गोष्ट ‘पुरात आम्ही लोकांना चहा दिला’ अशीच सांगत आले. मत्तयाच्या शुभवर्तमानात शब्द आहेत, ‘परका होतो तेव्हा मला घरात घेतले’. घरात. ओटीवर नाही.

आम्ही टेबलाशी बसतोय तोच दारावर थाप पडली. एक म्हातारा, अंगाला दारूचा वास, यात्रेकरूंचं ओळखपुस्तक जवळ नाही. खाटा तर भरलेल्या. माझ्या शेजारची बाई कुजबुजली, हा काही यात्रेकरू नाही. इकडे पास्ता पातेल्यात फुगत होता, आणि इटालियन माणसाच्या दृष्टीने याहून मोठं संकट नाही. ओस्पितालेरोने पातेल्याकडे एकदा दुःखाने पाहिलं आणि झगा पुन्हा अंगावर घेतला. म्हाताऱ्याला वेदीजवळच्या खुर्चीत बसवलं, आणि मला खूण करून टॉवेल धरायला बोलावलं.

मी लंगडत गेले. म्हाताऱ्याचा मोजा टाचेला चिकटला होता, तो भिजवून सोडवायला वेळ लागला. पाणी दोनदा बदलावं लागलं.