टंगस्टन अर्ध्यावर थांबला तो दिवस

मॉलिब्डेनम आणि टंगस्टन आवर्तसारणीत एकाखाली एक बसतात, आणि एम.एस्सी.ची मुलं त्यांच्याबद्दल एक वाक्य पाठ करून येतात: लँथनाइड आकुंचनामुळे (मधल्या लँथनाइड मूलद्रव्यांच्या रांगेत अणू आकसत जातात त्यामुळे) दोघांचा आकार सारखा, म्हणून रसायनही सारखं. यातला पहिला अर्धा भाग पक्का आहे. अणुक्रमांक ४२ वरून ७४ वर जातो, घनता जवळजवळ दुप्पट होते, पण चार गंधकांनी वेढलेला मॉलिब्डेनम घ्या की टंगस्टन, धातू-गंधक अंतर २.१८-२.१९ आँगस्ट्रॉमच्या आसपासच राहतं. दुसरा अर्धा भाग मात्र मला कधीच पटला नव्हता, आणि एका पावसाळी दिवशी तो माझ्या विद्यार्थ्यांनाही पटेनासा झाला. तो दिवस लिहून ठेवायचा होता.

गोव्यातल्या ताळगावच्या पठारावर जुलैत पाऊस सरळ पडत नाही, आडवा येतो. आमच्या प्रयोगशाळेत त्या दिवशी दोन विद्यार्थी होते, पेडण्याचा एक मुलगा आणि वाळपईची एक मुलगी. काम साधं ठरवलं होतं. मुलाने अमोनियम टेट्राथायोमॉलिब्डेट, म्हणजे चार गंधकांनी वेढलेल्या मॉलिब्डेनमचं लवण करायचं, मुलीने त्याचा टंगस्टनचा जोडीदार, दोन्ही शेजारी शेजारी, एकाच फ्यूमहूडमध्ये, म्हणजे विषारी वायू पंख्याने बाहेर ओढणाऱ्या काचेच्या कपाटात.

कृती जुनी आहे. बर्झेलिअसने गंधकाची ही संयुगं १८२६ मध्येच नोंदवली होती, आणि पद्धत मुळात अजून तीच आहे: धातूचं ऑक्सिजनयुक्त लवण अमोनियात विरघळवायचं आणि त्यात हायड्रोजन सल्फाइड सोडत राहायचं. गंधक एकेक ऑक्सिजन हुसकावत जातो. चार ऑक्सिजनच्या जागी चार गंधक बसले की काम झालं.

आम्ही गॅस किप्समधूनच, म्हणजे आम्ल आणि खडे एकत्र आणून लागेल तेव्हा गॅस देणाऱ्या काचेच्या उपकरणातूनच घेतो. आयर्न सल्फाइडचे खडे, विरल हायड्रोक्लोरिक आम्ल, मध्ये पाण्याची धुण्याची बाटली, आणि शेवटी उरलेला गॅस पकडायला कॉस्टिक सोडा. या गॅसबद्दल मी मुलांना एक गोष्ट परत परत सांगते. त्याचा सडक्या अंड्याचा वास अगदी थोड्या प्रमाणातही येतो, पण हवेत तो १०० पीपीएमच्या आसपास गेला की नाकच बधिर होतं. वास येईनासा झाला की गॅस गेला असं समजणारा माणूस मरू शकतो. म्हणून नाकावर भरवसा नाही, एक्झॉस्टच्या पंख्यावर आणि या गॅसने काळ्या पडणाऱ्या लेड अ‍ॅसिटेटच्या कागदावर.

मुलाचा फ्लास्क बघण्यासारखा होता. मॉलिब्डेटचं द्रावण पाण्यासारखं रंगहीन. गॅसचे पहिले बुडबुडे गेले तसं पिवळं झालं, मग नारिंगी, मग लाल, आणि मग इतकं गडद लाल की बल्ब मागे धरला तरच आरपार दिसावं. फ्लास्क हाताला कोमट लागत होता, कारण ही अभिक्रिया स्वतःच उष्णता देते. चहाच्या सुट्टीआधी त्याने तो बर्फात ठेवला आणि तळाशी लाल स्फटिक उतरले. गाळून, आयसोप्रोपेनॉल आणि ईथरने धुऊन घड्याळ-काचेवर ठेवले, तेव्हा त्यांच्या पृष्ठांवर हिरवी चमक होती. तो त्यांच्यावरून नजर हलवत नव्हता. मला हे बघायला फार आवडतं. पहिला सुंदर स्फटिक हातात आला की मूल रसायनशास्त्राचं होतं, असं माझं ठाम मत आहे.

मुलीचा फ्लास्क मात्र फिकट पिवळ्यावर अडून बसला होता. टंगस्टिक आम्ल अमोनियात विरघळवून तिने तोच गॅस त्याच वेगाने सोडला होता. हे काम ६० अंशाला आठेक तास चालतं हे मी आधी सांगितलं होतं, तरी शेजारचा लाल रंग बघून तिला चैन पडेना. "मॅडम, आकार सारखा, आराखडा सारखा, मग हा का वळत नाही?"

उत्तर द्यायला मी तोंड उघडलं आणि वीज गेली.

पंखा थांबला, हॉटप्लेट थांबली, किप्स मात्र चालूच. अशा वेळी हात कोणत्या क्रमाने चालवायचे हे मी दोघांकडून आधीच घोकून घेतलं होतं. आधी गॅसची नळी द्रावणाच्या वर उचलायची, मग किप्सची तोटी बंद करायची. उलट केलं तर अमोनियाचं द्रावण नळीतला गॅस गिळून टाकतं, दाब पडतो आणि द्रावण नळीतून मागे चढतं. मुलीने नळी उचलली, मुलाने तोटी बंद केली, किप्समधलं आम्ल वर सरकून खड्यांपासून बाजूला झालं. फ्लास्कला बूच लावलं, हूडची काच खाली ओढली, आणि आम्ही सगळे बाहेर व्हरांड्यात. प्रयोगशाळेचे काका दार उघडं टाकून तिथेच उभे राहिले, कोणी आत जाऊ नये म्हणून.

वीज लवकर येण्याची चिन्हं नव्हती, तेव्हा प्रश्नाचं उत्तर तिथेच सुरू झालं. आकार सारखा असला तरी टंगस्टन ऑक्सिजनला जास्त घट्ट धरतो. गंधक त्याला चालतो, पण ऑक्सिजन सोडवून घ्यायला वेळ आणि उष्णता द्यावी लागते. आणि चारही ऑक्सिजन एका दमात सुटत नाहीत. मॉलिब्डेनममध्येसुद्धा पुढची प्रत्येक अदलाबदल आधीच्यापेक्षा सावकाश होते. तिथे सगळंच वेगात असल्यामुळे ते जाणवत नाही, इतकंच.

वाळपईच्या मुलीच्या घरी गुरं आहेत. तिला मी सॉमरसेटच्या गुरांची हकिगत सांगितली. इंग्लंडच्या त्या भागात काही कुरणांवर चरणारी गुरं हगवणीने खंगायची. गवतात मॉलिब्डेनम जास्त आहे हे १९३० च्या दशकाच्या अखेरीस कळलं. जनावराच्या पहिल्या पोटात, रवंथाच्या कोठ्यात, जिवाणू सल्फाइड करतातच. तिथे मॉलिब्डेट आलं की थायोमॉलिब्डेट तयार होतं आणि ते तांब्याला असं पकडतं की जनावराला तांबं मिळतच नाही. उपाय काय, तर मोरचूद, म्हणजे तांबंच. पुढे हाच गुण उलटा वापरला गेला: विल्सनच्या आजारात माणसाच्या यकृतात आणि मेंदूत तांबं साठतं, त्यावर टेट्राथायोमॉलिब्डेट देऊन पाहिलं गेलं. "म्हणजे आत्ता घड्याळ-काचेवर आहे तेच?" मुलाने विचारलं. तेच.

मग गोष्ट आपल्या समुद्रावर आली. पठारावरून खाली झुवारीचं मुख दिसतं, त्या दिवशी पावसात दिसत नव्हतं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे १० मायक्रोग्रॅम मॉलिब्डेनम असतं, आणि सगळं मॉलिब्डेट म्हणून, निवांत विरघळलेलं. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्याजवळ खोलातलं कमी ऑक्सिजनचं पाणी वर येतं, वर पावसाच्या गोड्या पाण्याचा थर झाकण घालून बसतो, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत खालचा ऑक्सिजन संपून जातो. मग नायट्रेट संपतं, आणि त्यानंतर जिवाणू सल्फेटवर येऊन हायड्रोजन सल्फाइड सोडू लागतात. गोव्यासमोरच्या उथळ समुद्रात असा गॅस सापडल्याचं दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००० साली प्रसिद्ध केलं. विरघळलेला सल्फाइड ११ मायक्रोमोलरच्या पुढे गेला की मॉलिब्डेटचं थायोमॉलिब्डेट होऊ लागतं, ते गाळाला चिकटतं आणि तळाशी जातं. म्हणून जुन्या गाळातलं मॉलिब्डेनम मोजून, तो थर बसला तेव्हा पाण्यात ऑक्सिजन होता की नव्हता, हे भूरसायनतज्ज्ञ सांगू शकतात. फ्लास्कमधली तीच शिडी, एकेक ऑक्सिजन जाऊन गंधक येण्याची, फक्त आम्ल आणि खडे नाहीत आणि घाईही नाही.

वीज आली तेव्हा दुपार टळून गेली होती. पंखा थोडा वेळ चालू देऊन मगच आत गेलो. टंगस्टनचा फ्लास्क गार झाला होता आणि त्याच्या तळाशी बारीक, फिकट पिवळे स्फटिक बसले होते.

मुलाचं म्हणणं, पुन्हा तापवायला ठेवूया, उशीर होतोय. मुलगी म्हणाली, "थांबा ना, हे काय आहे ते तरी बघू." मला तिचंच पटलं. अर्धा भाग गाळायचा, उरलेला परत ६० अंशाला, गॅस चालू.

स्फटिकात कोणते बंध आहेत ते इन्फ्रारेड वर्णपटात दिसतं, त्यासाठी नमुना पोटॅशियम ब्रोमाइडच्या भुकटीत मिसळून गोळी पाडतात. पावसाळ्यात ही गोळी पाडणं एक शिक्षाच असते. पोटॅशियम ब्रोमाइड हवेतला ओलावा खातं आणि गोळी धुरकट होते. मुलगी भुकटी दिव्याखाली सुकवत बसली, पहिली गोळी फेकली, दुसरी नीट आली. आलेखावर ८०० ते ९०० प्रति सेंटिमीटरच्या दरम्यान ठसठशीत पट्टे होते, म्हणजे टंगस्टनला चिकटलेला ऑक्सिजन. आणि खाली ४५० च्या आसपास टंगस्टन-गंधकाचेही. दोन्ही एकाच स्फटिकात. शिडीच्या मधली पायरी होती ती, दोन ऑक्सिजन आणि दोन गंधक असलेलं डायथायोटंगस्टेट. उष्णता गेली म्हणून अभिक्रिया तिथे थबकली आणि द्रावण गार झालं म्हणून ते बाहेर पडलं. मॉलिब्डेनममध्ये ही पायरी मुलाच्या डोळ्यांसमोरूनच गेली होती, पहिल्या पिवळ्या रंगात, पण धरायला सापडली नव्हती.

हूडमधल्या दुसऱ्या अर्ध्या भागात तेच पिवळे स्फटिक पुन्हा विरघळत होते आणि द्रावण सावकाश नारिंगीकडे झुकत होतं. काका म्हणाले, "शेवटची कदंबा बस चुकली तर मी सोडतो दोघांना, तुम्ही करा पुरं." रात्री थेंबभर द्रावण भरपूर विरळ करून स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये ठेवलं, तेव्हा ३९२ नॅनोमीटरला टेट्राथायोटंगस्टेटचं शिखर उभं राहिलं होतं. लाल भावाचं शिखर ४६८ ला, याचं ३९२ ला. म्हणून तो लाल आणि हा नारिंगी-पिवळा.

तेव्हापासून या प्रयोगाची कृती मी बदलली आहे. टंगस्टनचा फ्लास्क मुद्दाम मध्येच उतरवून गार करायचा, पडलेलं लवण गाळून त्याचा इन्फ्रारेड घ्यायचा, आणि मगच उरलेलं पुढे न्यायचं. वेळ वाढतो, वेळापत्रकात बसवताना ओढाताण होते, पण हा भाग मी वगळत नाही. त्या मुलीने पुढे प्रबंधासाठी हाच विषय मागून घेतला: कुठल्या तापमानाला कुठली पायरी किती वेळ टिकते. मोजमापं अजून चालू आहेत.