मुंगी मेली

दुपारी चारच्या सुमारास शेजारचा तीन वर्षांचा नातू खाली पार्किंगमध्ये सायकलवरून पडला. भोंगा सुरू व्हायच्या आत आजीनं फरशीवर हात आपटला, "ही बघ, मुंगी मेली!" झालं, भोंगा बंद. त्याची सहा वर्षांची बहीण तोवर त्याच्या गुडघ्यावर फुंकर घालत बसली होती. तिला कुणी मुंगी दाखवली नाही. तिला फर्मान सुटलं, "जा, वरून पाणी आण."

लहानपणी मी ती मुंगी खरंच शोधायचो. एकदा पडवीत एक मेलेली सापडलीही, माझ्या आधीच गेलेली असणार. मग मी जो सूर लावला, तो गुडघ्यासाठी नव्हता. मामा म्हणाला, "काय रे, पोरीसारखा रडतोस?" कशासाठी रडतोय ते मी सांगितलं नाही, सगळे आणखी हसले असते. पुढे मुंग्या शोधणं सुटलं.

हळद लावायचं काम ताईकडे. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, म्हणजे तीही तेव्हा सात-आठचीच. पण माझा 'आई गं' ऐकू आला की खेळ टाकून, परकराचा ओचा सावरत धावत यायची, तेही चिमटीत हळद घेऊनच. ती पडली की मी काय करायचो? आठवत नाही. खरं सांगायचं तर ती पडल्याचंच आठवत नाही.

बायकांना दुसऱ्याचं दुःख उपजतच कळतं म्हणतात. कळत असेल. पण १९८३ साली आयझेनबर्ग आणि लेनन या मानसशास्त्रज्ञांनी तोवरचे अभ्यास चाळले, तर गंमत निघाली. माणसांना स्वतःबद्दल विचारलं की बायका कितीतरी पुढे. शरीराच्या प्रतिक्रिया मोजल्या की फरक जवळजवळ नाहीसा. २००१ साली अमेरिकेतच क्लाइन आणि हॉजेस यांनी तर पुरुषांची अब्रूच काढली. एका बाईच्या मनात काय चाललंय ते अचूक ओळखलंत तर पैसे, असं सांगितल्यावर पुरुषही बायकांच्या बरोबरीला आले! म्हणजे कळत होतं की! मी हे कौतुकानं बायकोला वाचून दाखवलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "महिन्याला किती लावू?"

माझी एक खोड आहे. कुणी रडायला लागलं की मी पंख्याचा वेग वाढवतो. सासरे गेले तेव्हाही आधी पंखाच वाढवला होता. डिसेंबर होता.

तर काल ताईला फोन लावला. इकडचं तिकडचं झाल्यावर विचारलं, "ताई, लहानपणी तू कधी पडली होतीस का गं?"

"म्हणजे काय! विहिरीच्या पायरीवरून. डाव्या कोपराला खूण आहे अजून. तुला दाखवलीय चारदा."

"मग हळद कुणी लावली?"

"कोण लावणार? मीच." मग जरा थांबून म्हणाली, "आवाज का असा येतोय रे तुझा? बरं नाही का?"

सर्दी झालीय म्हणालो.