ट्यूबलाइटच्या पट्टीत एलईडी: आधी चोकचा निकाल लावा

जुनी ट्यूब काढली, त्याच मापाची एलईडी ट्यूब लावली, बटण दाबलं की उजेड. कधीकधी काम खरंच एवढंच असतं. पण कधी नवी ट्यूब फट्कन जळते, कधी एमसीबी (बिघाड झाला की वीज तोडणारा स्विच) पडतो, कधी आठवडाभर नीट चालून ट्यूब लुकलुकायला लागते. अशा वेळी दुकानदाराला बोल लावण्याआधी पट्टी उघडून बघावी. आत काय आहे हे न बघता ट्यूब बदललेली असते, निम्म्याहून जास्त भानगडी तिथेच सुरू होतात.

मापाचा विषय सोपा आहे. टी-१२, टी-८, टी-५ यांतला आकडा म्हणजे जाडी, एक अष्टमांश इंचाच्या पटीत: अनुक्रमे ३८, २६ आणि १६ मिमी. टी-१२ आणि टी-८ या दोन्हींच्या पिनांमधलं अंतर १३ मिमी असतं, त्यामुळे चार फुटी जाड ट्यूबच्या जागी चार फुटी टी-८ एलईडी सरळ बसते. टी-५ चं प्रकरण वेगळं. पिनांतलं अंतर ५ मिमी, आणि २८ वॉटच्या ट्यूबची लांबी १,१४९ मिमी, म्हणजे चार फुटांपेक्षा कमी. टी-८ एलईडी तिथे बसणारच नाही.

आता चोक, म्हणजे ट्यूबचा करंट आवरणारा भाग. जड लोखंडी ठोकळा आणि शेजारी गोल स्टार्टर दिसला तर तो साधा, तांब्याच्या गुंडाळीचा चोक. अशी ट्यूब पेटताना दोन-तीनदा मिचमिचते. हलकी डबी असेल, स्टार्टर नसेल आणि डबीतून ट्यूबच्या दोन्ही टोकांकडे वायरी गेल्या असतील तर तो इलेक्ट्रॉनिक चोक. हा फरक कळला की पुढचं सगळं त्यावर ठरतं.

साधा चोक असेल तर तो न काढताही काम होऊ शकतं. बऱ्याच एलईडी ट्यूबसोबत स्टार्टरसारखी दिसणारी एक डबी मिळते. तिच्यात फक्त फ्यूज असतो, म्हणजे ती एक जोडतार आहे. जुना स्टार्टर काढून ती बसवायची, ट्यूब लावायची. सर्किट असं चालतं: फेज चोकमधून ट्यूबच्या पहिल्या टोकाच्या एका पिनवर येते, त्याच टोकाच्या दुसऱ्या पिनवरून या डबीतून पलीकडच्या टोकाला जाते आणि तिथल्या आतून जोडलेल्या पिनांमधून न्यूट्रलला मिळते. ट्यूबचा ड्रायव्हर (एलईडीला हवी तशी वीज करून देणारं सर्किट) पहिल्या टोकाच्या दोन पिनांमध्ये असतो. जुना स्टार्टर तसाच ठेवला तर ट्यूब लागत नाही किंवा मिचमिचत राहते.

इथे एक गैरसमज पक्का बसलेला आहे: चोक ठेवला तर तो वीज खात राहतो. ३६ वॉटच्या ट्यूबबरोबर तो खरंच ८ ते १० वॉट खातो, कारण त्यातून ०.४३ अँपिअर करंट जातो. १८ वॉटची एलईडी ट्यूब मात्र जेमतेम ०.०९ अँपिअर घेते. गुंडाळीतली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे खर्च अर्ध्या वॉटच्या आसपास येतो. त्यासाठी चोक काढायची गरज नाही. काढायचा तो दुसऱ्या कारणांसाठी: जुन्या गुंडाळीचं इन्सुलेशन तडकलेलं असतं, जोड सैल झालेले असतात, आणि बिघाड शोधताना संशयाच्या यादीत एक नग जास्त राहतो.

इलेक्ट्रॉनिक चोकला ही सवलत नाही. तो ५० हर्ट्झची वीज हजारो हर्ट्झवर नेतो आणि ट्यूब पेटवायला काहीशे व्होल्टचा झटका देतो. सरळ मेन्सवर (घरच्या २३० व्होल्टवर) चालणारी एलईडी ट्यूब त्याच्या तोंडी दिली की ड्रायव्हर गेलाच. ‘इलेक्ट्रॉनिक चोकवर चालते’ असं लिहिलेल्या ट्यूब मिळतात, पण त्या चोकच्या ठरावीक मॉडेलांबरोबरच नीट चालतात, आणि पुढे चोक मेला की पुन्हा तोच खर्च. त्यापेक्षा तो काढून सरळ वायरिंग केलेलं बरं.

सरळ वायरिंगला सुरुवात करताना मेन स्विच किंवा त्या सर्किटचा एमसीबी बंद करा. नुसतं भिंतीवरचं बटण बंद करून भागत नाही. बटण चुकून न्यूट्रलवर बसवलेलं असेल तर ते बंद असतानाही पट्टीत फेज हजर असते. टेस्टर आधी चालू पॉइंटवर तपासून घ्या, मग पट्टीत लावा.

ट्यूब आणि झाकण काढलं की चोक, स्टार्टर आणि कपॅसिटर असेल तर तोही सोडवा. दोन ट्यूबच्या पट्टीत एका चोकच्या ओळीत बसवलेला कपॅसिटर हमखास विसरला जातो. तो राहिला तर त्या बाजूची ट्यूब विचित्र वागते. चोक काढताना अर्थिंगकडेही लक्ष द्या. पुष्कळ पट्ट्यांत अर्थची वायर चोकच्याच स्क्रूखाली दाबलेली असते. चोक गेला की ती लोंबकळत राहते आणि लोखंडी पट्टीचं अर्थिंग तुटतं. तिला त्याच भोकात दुसरा स्क्रू घालून, रंग खरवडून, घट्ट बसवा.

पुढचं वायरिंग ट्यूबवर अवलंबून आहे, म्हणून तिच्यावरची आकृती वाचल्याशिवाय कात्री चालवू नका. ट्यूब दोन प्रकारच्या असतात. एकात फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकाच टोकाला लागतात. दुसऱ्यात एका टोकाला फेज, दुसऱ्या टोकाला न्यूट्रल. माझं मत एकाच टोकाच्या बाजूने आहे. दोन टोकांच्या ट्यूबमध्ये संरक्षक बटण नसेल, तर एक टोक बसवल्यावर दुसऱ्या टोकाच्या उघड्या पिनांवर वीज येऊ शकते, आणि स्टुलावर उभं राहून दोन्ही हात वर असताना शॉक लागणं म्हणजे पडणंही आलं.

एकाच टोकाच्या प्रकारात मात्र होल्डर तपासावा लागतो. काही होल्डरमध्ये दोन्ही खाचा आतून जोडलेल्या असतात. स्टार्टरच्या पट्टीत त्या सहसा वेगळ्या असतात. ठरावीक इलेक्ट्रॉनिक चोकच्या पट्टीत जोडलेल्या सापडतात. अशा होल्डरवर फेज आणि न्यूट्रल दिले की थेट शॉर्ट. वायरी सोडवून मल्टिमीटर बीप मोडवर ठेवा आणि दोन खाचांना टोचा. बीप आला तर होल्डर बदला.

होल्डरमध्ये वायर ढकलून बसते. त्यासाठी एकेरी तारेची कडक वायर लागते, ८ ते १० मिमी सोललेली. बारीक तारांची लवचीक वायर आत दुमडते, जोड गरम होतो आणि महिनाभरात होल्डर पिवळा पडतो. लवचीकच वापरायची असेल तर टोकाला फेरूल (धातूची बारीक नळी) दाबा. मधले जोड कनेक्टरमध्ये करा. वायर पिळून टेप गुंडाळण्याची सवय इथे नको, पट्टीच्या उष्णतेत टेपचा गोंद सुटतो.

ट्यूब लावण्याआधी वीज चालू करून मोजा. एकाच टोकाच्या प्रकारात वीज दिलेल्या होल्डरच्या दोन खाचांमध्ये पूर्ण २३० व्होल्ट दिसायला हवेत आणि दुसऱ्या टोकाला काहीच नाही. बरोबर असेल तर पुन्हा एमसीबी बंद करून मग ट्यूब चढवा. ‘एल’ आणि ‘एन’ लिहिलेलं टोक वीज असलेल्या बाजूला. अनेक ट्यूबचं दुसरं टोक आतून जोडलेलं असतं, उलटं लावलं की एमसीबी पडतो.

मग पट्टीवर आतून आणि बाहेरून लिहा: ‘चोक काढला आहे, फक्त एलईडी’, आणि कोणतं टोक विजेचं ते. उद्या कोणी जुनी फ्लुरोसेंट ट्यूब लावली तर तिच्या एका फिलामेंटवर पूर्ण मेन्स येईल. फिलामेंट क्षणात जळतं आणि काचही तडकू शकते.

बटण बंद केल्यावरही ट्यूब अंधुक चमकत राहिली तर बटण न्यूट्रलवर आहे का ते बघा, किंवा बटणातच बारीक निऑन दिवा आहे का. सुरुवात व्यवस्थित आणि तासाभराने झबझब होत असेल तर उष्णता. बंदिस्त पट्टीत ड्रायव्हरमधला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आधी दमतो. डिमरवर साधी एलईडी ट्यूब लावू नये. होल्डर ठिसूळ झाले असतील तर बदल करण्याच्या फंदात न पडता आख्खी एलईडी पट्टीच लावा.

उजेडाबद्दल एवढंच: चांगली ३६ वॉटची ट्यूब सुमारे ३,३०० लुमेन देते, १८ ते २० वॉटची एलईडी साधारण २,०००. तरी खाली टेबलावर फार फरक वाटत नाही, कारण जुन्या ट्यूबचा बराच प्रकाश वर धूळ बसलेल्या पट्टीवर जायचा. छत मात्र काळोखं दिसतं. ते खुपत असेल तर ॲल्युमिनियमच्या पाठीची सोडून काचेची एलईडी ट्यूब घ्या, तिचा प्रकाश जास्त पसरतो. बचतीचा हिशेब ४५ (जुनी ट्यूब आणि चोक मिळून) वजा १८, म्हणजे २७ वॉट; रोज ६ तास लागत असेल तर वर्षाला ५९ युनिट.

उतरवलेल्या ट्यूब कचऱ्यात फोडून टाकू नका. प्रत्येकीत काही मिलिग्रॅम पारा असतो. मूळ खोक्यात किंवा पुठ्ठ्यात गुंडाळून ई-कचरा केंद्रावर द्या. फुटलीच तर खिडक्या उघडून पंधरा मिनिटं खोलीबाहेर थांबा, मग तुकडे कडक पुठ्ठ्याने उचला आणि बारीक भुगा चिकटपट्टीने टिपा. झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर लावला तर पारा हवेत उडतो.