सासूबाईंच्या माहेरचा लेलिवा

सासूबाईंचं माहेर मूळचं विल्नियसकडचं. १९४५ मध्ये सीमा सरकल्या, तिकडची लाखो पोलिश माणसं सामान बांधून पश्चिमेला आली, त्यांत त्यांचे आईवडील होते. ग्दान्स्कला उतरले आणि तिथलेच झाले. सोबत आलेल्या थोड्या वस्तूंत पुरुषी बोटाची एक जाडजूड चांदीची अंगठी होती, घराण्याच्या चिन्हाची ढाल कोरलेली. त्या ढालीच्या जोरावर घरात पक्का समज होता, की आपण टिश्केविच काउंटांच्या नात्यातले.

टिश्केविच म्हणजे लिथुआनियातलं बडं प्रस्थ. पालांगाच्या समुद्रकिनाऱ्यावरचा त्यांचा वाडा आज अंबरचं संग्रहालय आहे. त्राकाईजवळच्या तळ्याकाठी उझुत्राकिसचा वाडा त्यांचाच. विल्नियसचं पहिलं पुराणवस्तू संग्रहालय १८५५ मध्ये काढलं ते एउस्ताही टिश्केविच यांनी. अशा लोकांशी नातं कोणाला नको असेल?

निवृत्त झाल्यावर सासूबाईंनी मनावर घेतलं, आणि काम माझ्याकडे आलं. नवऱ्याला यात काडीचा रस नाही, आणि मी पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटला रशियन शिकलेली. पोलिश घराणं शोधायला रशियन कशाला लागावं, असं मला तेव्हा वाटलं होतं. सासूबाईंचं माहेरचं आडनाव इथे देत नाही, घरातली माणसं हयात आहेत. ते पोलिश वर्णमालेच्या शेवटाकडचं आहे एवढंच सांगते, कारण त्याचा पुढे जाच झाला.

सुरुवात अंगठीपासून केली. अशी अंगठी नुसती बघून समजत नाही, ती ठसा उमटवायलाच केलेली असते. लाख वितळवून कागदावर ओतली, अंगठी दाबली, आणि भिंगातून पाहिलं. चंद्रकोर, टोकं वर. तिच्या कुशीत सहा टोकांचा तारा. वर शिरस्त्राण, त्यावर मुकुट, मुकुटातून निघालेला मोरपिसारा, आणि पिसाऱ्यावर पुन्हा तीच कोर नि तोच तारा. खरी गंमत ढालीच्या पार्श्वभूमीत होती. तिथे बारीक आडव्या रेघा होत्या, कोरीवर आणि ताऱ्यावर ठिपके. धातूवर रंग दाखवता येत नाही म्हणून युरोपात सतराव्या शतकात ही सोय रूढ झाली. पेत्रा सांक्ता नावाच्या इटालियन जेझुइटाने १६३८ मध्ये ती ग्रंथातून सगळीकडे पोचवली. आडव्या रेघा म्हणजे निळा, उभ्या म्हणजे लाल, ठिपके म्हणजे सोनेरी, कोरी जागा म्हणजे चांदी. तेव्हा निळ्यावर सोनेरी कोर आणि सोनेरी तारा: लेलिवा नावाचं पोलिश चिन्ह. चंद्रकोरीत क्रूस असता तर शेलिगा झाला असता. बाण आणि दोन्ही टोकांवर एकेक तारा असता तर सास.

टिश्केविचांचं चिन्हही लेलिवाच. सासूबाईंनी लगेच केक कापला.

पण मुकुटाची टोकं मोजली तेव्हा ती पाच भरली. काउंटच्या मुकुटाला नऊ असतात. मी हे सांगितलं, त्यांनी ऐकलं नाही. आणि मुकुट बाजूला ठेवला तरी मोठी अडचण वेगळीच होती. पश्चिम युरोपात चिन्ह एका घराण्याचं असतं. पोलंडमध्ये तसं नाही. इथे एकच ‘हेर्ब’, म्हणजे चिन्ह, शेकडो घराणी लावतात, आडनावं वेगळी, गावं वेगळी. आपल्याकडचं देवक आठवावं, अनेक आडनावांत एकच असलेलं. फरक एवढाच की एक देवक निघालं की आपल्याकडे सोयरीक मोडते, आणि इथे एक हेर्ब असणाऱ्यांची आपसांत लग्नं होत राहिली, कारण रक्ताचं नातं कोणी धरतच नव्हतं.

लिथुआनियात तर हे चिन्हांचं प्रकरण सरळ करारानेच आलं. २ ऑक्टोबर १४१३ रोजी होरोद्वो इथे पोलंडच्या ४७ कुळांनी लिथुआनियाच्या ४७ बोयारांना, म्हणजे सरदारांना, आपापल्या चिन्हात सामील करून घेतलं. दोन्ही राज्यांचा राजकीय सांधा घट्ट करायचा होता, तो असा केला. तार्नोव्स्कींच्या लेलिवात विल्नियसचा वोयेवोद, म्हणजे प्रांताधिकारी, मोनिविद आला. क्रिस्तीन ओस्तिकला तीन शिंगांचा त्रोंबी मिळाला, तो पुढे राद्झिवीव घराण्याचा झाला. अट मात्र होती: कॅथलिक असलेल्यांनाच हा मान. टिश्केविच मूळचे रुथेनियन आणि ऑर्थोडॉक्स, त्यामुळे होरोद्वोच्या यादीत ते नाहीतच. लेलिवा त्यांच्याकडे नंतर आला. म्हणजे खुद्द टिश्केविचांचंही मोनिविदाशी किंवा तार्नोव्स्कींशी रक्ताचं नातं या चिन्हावरून सिद्ध होत नाही. मग आमचं काय होणार?

यानंतरची पायरी म्हणजे हेर्बांचे जुने कोश. पाप्रोत्स्कीचा १५८४ चा, न्येसेत्स्कीचा १७२८ ते १७४३ मध्ये चार खंडांत निघालेला, आणि सगळ्यांत भरवशाचा बोन्येत्स्कीचा, १८९९ पासून वॉर्सॉत छापलेला. बोन्येत्स्की दंतकथांवर न जाता कागद बघतो, म्हणून संशोधक आधी त्यालाच हात घालतात. तो कोश ‘एम’ अक्षरापाशी थांबलाय. बोन्येत्स्की १९०९ मध्ये गेले, त्यानंतर काही खंड निघाले आणि काम तिथेच राहिलं. वर्णमालेच्या शेवटाकडचं आडनाव असणाऱ्यांनी हात चोळत बसावं. न्येसेत्स्कीत आमचं आडनाव दीड ओळीत सापडलं: लेलिवा, ओश्म्याना तालुका. संपलं.

जुन्या कोशांत मूळपुरुषाच्या कथा भरपूर असतात. लिथुआनियाच्या सरदारांनी तर आपलं मूळ रोममध्येच नेऊन ठेवलं होतं. पालेमोन नावाचा रोमन आपल्या माणसांसह पळून बाल्टिकच्या किनाऱ्याला लागला, त्याचे हे वंशज म्हणे. वाचायला मजा येते, पण पुराव्याला शून्य. याच सुमारास एका ऑनलाइन दुकानाने सासूबाईंना ‘अधिकृत’ चर्मपत्रावर घराण्याचं चिन्ह पाठवायची तयारी दाखवली, मेणाच्या शिक्क्यासह. मी नको म्हटलं. पोलंडच्या मार्च १९२१ च्या राज्यघटनेच्या कलम ९६ नेच हेर्ब आणि किताबांची सरकारी मान्यता काढून घेतली. आता अधिकृत म्हणजे कोणाच्या अधिकारात?

खरी वाट उघडली ती रशियनांमुळे. जुन्या पोलिश-लिथुआनियन राज्यात सरदारकीची नोंद ठेवणारं खातंच नव्हतं. शेजारीपाजारी तुम्हाला श्लाख्ता, म्हणजे सरदारवर्गातले, मानतात, तुम्ही प्रांतसभेत मत देता, झालं. लोकसंख्येत सहा ते दहा टक्के श्लाख्ता होती, त्यातले कितीतरी स्वतःच नांगर धरणारे. ‘आपल्या परड्यातला श्लाख्ता वोयेवोदाच्या बरोबरीचा’ अशी पोलिश म्हणच आहे. १७९५ मध्ये राज्य संपलं, विल्नियस झारकडे गेलं, आणि झारच्या कारभाराला एवढे सरदार परवडणारे नव्हते. पुरावा आणा, म्हणाले. १८३०-३१ चा उठाव फसल्यावर ऑक्टोबर १८३१ च्या हुकमाने फास आवळला: ज्यांची सरदारकी सिद्ध झालेली नाही ते खेड्यात ‘अद्नाद्वोरेत्स’, शहरात नुसते नागरिक. म्हणजे कर भरा आणि पोरं सैन्यभरतीत द्या. मग काय, कागद जमवायची झुंबड उडाली. खोटे कागद करणाऱ्यांचे धंदेही जोरात चालले. सरदारकी संपवू पाहणाऱ्या राजवटीच्या संशयापायी गरिबातल्या गरीब घराण्याचीही वंशावळ लिहून, शिक्के मारून, जपून ठेवली गेली. हे मला अजूनही विलक्षण वाटतं.

ही सगळी प्रकरणं विल्नियसच्या राज्य ऐतिहासिक अभिलेखागारात आहेत, फोंदस ३९१ मध्ये. तिथे प्रत्येक गोष्ट तीन आकड्यांनी मागायची: फोंदस, अपिराशस, बिला, म्हणजे संग्रह, यादी, फाइल. आडनावाने फाइल शोधताना पोलिश, रशियन आणि लिथुआनियन अशी तिन्ही रूपं करून बघावी लागतात. बायकांची नावं आणखी घोळ घालतात, कारण लग्न झालेली आणि न झालेली यांच्या आडनावाचे शेवट वेगळे. एकदा ते अंगवळणी पडलं की उलट फायदाच होतो, नोंद वाचताक्षणी कळतं लेक आहे की सून. तारखांचंही एक आहे: एकोणिसाव्या शतकातल्या रशियन तारखा आपल्या दिनदर्शिकेच्या बारा दिवस मागे असतात.

फाइल येईपर्यंत घरी बसून चर्चच्या नोंदवह्या वाचल्या. विल्नियस धर्मप्रांतातल्या पुष्कळशा आता इंटरनेटवर पानांच्या छायाचित्रांसह आहेत. बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू. तिथे नावाआधीचा एकच शब्द सगळं सांगून जातो. मोठा जमीनदार असेल तर ‘विएल्मोझ्नी’. साधा श्लाख्ता ‘उरोजोनी’. गावचा शेतकरी ‘प्रात्सोवीती’, म्हणजे कष्टाळू. कष्ट करणाऱ्याला कष्टाळू म्हणायचं आणि मान दुसऱ्याला द्यायचा, हे सगळीकडे सारखंच. सासूबाईंच्या खापरपणजोबांच्या वडिलांची मुलं मी ओळीने लावली. थोरल्या लेकीच्या बाप्तिस्म्याला, १८२० च्या दशकात, बाप ‘उरोजोनी’. पोलिशमध्ये, झोकदार अक्षरात. पुढे वहीची भाषा रशियन झाली, आणि धाकट्याच्या बाप्तिस्म्याला तोच बाप, त्याच ओसरीवरचा, ‘अद्नाद्वोरेत्स’. पुढे आणखी काही पानांनी, नातवाच्या वेळी, पुन्हा ‘द्वोर्यानीन’, म्हणजे सरदार. मधल्या काळात काय झालं ते त्या फाइलमध्ये असणार, हे उघड होतं.

विल्नियसच्या वाचनकक्षात फाइल समोर आली तेव्हा सासूबाई शेजारी बसल्या होत्या, चष्मा पुसत. शाळेत सक्तीने शिकलेलं रशियन त्यांना येतं, पण जुनी लिपी नाही. क्रांतीनंतर रद्द झालेलं ‘यात’ अक्षर, शब्दाशब्दाच्या शेवटी येणारं कठोर चिन्ह, आणि कारकुनाचं धावतं हस्ताक्षर. मी हळू वाचत गेले, त्या लिहून घेत गेल्या. वरच वंशवृक्ष: शाईने काढलेली वर्तुळं, प्रत्येकात एक नाव आणि एक आकडा, तो आकडा म्हणजे मागे शिवलेल्या कागदाचा क्रमांक. सर्वांत वरच्या वर्तुळाला आधार होता सतराव्या शतकाच्या अखेरच्या एका मृत्युपत्राचा. दोन घोडे, एक तपकिरी गाय, जमिनीचा एक तुकडा आणि मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली रक्कम. बाकी वर्तुळांना बाप्तिस्म्याचे दाखले आणि जमिनीच्या वाटणीचे कागद. एका जागी हेरोल्दियाचा, म्हणजे सरदारकी तपासणाऱ्या झारच्या खात्याचा, शेरा: बाप-लेकाची ही जोडणी पुरेशी सिद्ध नाही, प्रकरण परत. मग आणखी काही वर्षांचा पत्रव्यवहार, नवे साक्षीदार, आणि शेवटी एका शाखेला मान्यता. दुसऱ्या शाखेचं पुढे काय झालं, ते या फाइलमध्ये नाही.

टिश्केविच हे नावही सापडलं. वंशवृक्षात नव्हे. एका पूर्वजाच्या नोकरीच्या दाखल्यात. तो टिश्केविचांच्या एका जहागिरीवर कारभारी होता, आणि मालकाच्या कचेरीने त्याला चांगल्या वर्तणुकीचं पत्र दिलं होतं. ते पत्र सरदारकीचा पुरावा म्हणून जोडलेलं, हेरोल्दियाने अर्थातच त्याला किंमत दिली नाही. घरातल्या नात्याच्या गोष्टीचं बीज मात्र बहुधा तेच. एक हेर्ब, एक वाडा, त्यात वावरणारा एक माणूस. तीन पिढ्यांनी त्याचं नातं करायला आणखी काय लागतं?

सासूबाई काही दिवस नाराज होत्या. मग त्यांनीच उझुत्राकिसला जायचं काढलं. तिथे मार्गदर्शक मुलगी लेलिवाबद्दल सांगू लागली तशी या मध्येच म्हणाल्या, ‘‘हा आमचाही आहे. नातं नाही हं, आम्ही कारभारी.’’ आणि मग त्या बिचारीला होरोद्वो, पाच टोकांचा मुकुट आणि आडव्या रेघा असं सगळं ऐकवलं.

हेरोल्दियाच्या अंतिम निकालाची प्रत पीटर्सबर्गच्या अभिलेखागारात असणार, फोंद १३४३ मध्ये, ती सध्या तशीच राहू दे म्हटलंय. आता सासूबाईंच्या आईच्या माहेराचं चाललंय. तिथे चिन्हच नाही, नुसता ‘उरोजोनी’ आहे, आणि आडनाव ‘के’ वरून. बोन्येत्स्कीत मिळेल.