इंडिकेटरच्या तालावर नाचणारा आकडा

“अरे, दिवसा गाडी झकास चालते आणि अंधार पडला की सिग्नलला बंद पडते,” काका फोनवर म्हणाले. मी हसण्यावारी नेलं. आठच दिवसांपूर्वी त्यांच्या जुन्या ३५० सीसी सिंगल सिलिंडरचा कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) काढून मी फ्युएल इंजेक्शन, म्हणजे इंजेक्टरनं पेट्रोल मोजून फवारणारी यंत्रणा, बसवलं होतं आणि त्या कामावर भलताच खूश होतो.

खूश व्हायला कारणही होतं. लोकांना वाटतं, कार्ब्युरेटर काढला, तिथे हवा कमीजास्त करणारी थ्रॉटल बॉडी लावली की झालं. पण कार्ब्युरेटरला पेट्रोल टाकीतून आपोआप उतरून येतं. आमच्या इंजेक्टरला ते ३ बार दाबानं लागत होतं. म्हणजे पंप आला, प्रेशर रेग्युलेटर आला, उरलेलं पेट्रोल माघारी न्यायला टाकीला रिटर्नची नळी आली. क्रँकवर, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्यावर, दातेरी चकती आणि तिच्यासमोर फिरणं मोजणारा सेन्सर. त्यात एकच सिलिंडर, त्यामुळे इनटेकमधला दाब इतका वरखाली होतो की तो मोजणाऱ्या मॅप सेन्सरचं रीडिंग क्रँकच्या ठरावीक कोनावरच घ्यावं लागतं, नाहीतर ईसीयूला, म्हणजे पेट्रोल किती सोडायचं ते ठरवणाऱ्या छोट्या संगणकाला, त्यातून काही बोध होत नाही. यातच माझे तीन दिवस गेले होते. शेवटी आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर सोडून इंजिन नुसतं चालू असताना, हवा-पेट्रोलचं प्रमाण १३.२ वर (एक भाग पेट्रोलला वजनानं १३.२ भाग हवा) स्थिर झालं आणि मी गाडी काकांच्या हवाली केली.

संध्याकाळी काका आले. गाडी उभी केली, सुरू ठेवली. पाच मिनिटं काही नाही. मी त्यांच्याकडे ‘बघा’ अशा नजरेनं पाहिलं. त्यांनी मुकाट्यानं हेडलाइट लावला आणि सवयीनं ब्रेक दाबला. इंजिन दोनदा अडखळलं आणि गप्प झालं.

माझा पहिला संशय पंपावर. व्होल्टेज पडलं की पंप मंदावतो, दाब उतरतो, सरळ हिशेब. फ्युएल लाइनवर प्रेशर गेज लावला. गाडी पुन्हा बंद पडली, पण पडताना काटा ३ वरून हलला नाही. पंप मुळात मोठ्या इंजिनाचा. आयडलला त्याचं बहुतेक पेट्रोल रिटर्ननं टाकीतच परत जात होतं. थोडा मंदावला तरी काय बिघडणार? मग अर्थिंग पाहिलं, प्लगची कॅप बदलली, क्रँक सेन्सरची वायर कॉइलपासून लांब नेली. तासभर नुसता अंधारात चाचपडत होतो.

खरी गोष्ट पकडली ती आमच्या पोऱ्यानं. तो सीटवर बसून उगाचच इंडिकेटर लावत होता. लॅपटॉपकडे बोट दाखवून म्हणाला, “उस्ताद, हा आकडा बघा, इंडिकेटरबरोबर नाचतोय.”

खरंच नाचत होता. हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा तो आकडा दिवा लागला की १४.४, विझला की १३.३. टिक, लीन, म्हणजे पेट्रोल कमी. टिक, ठीक. मी खाली बसलो आणि नुसता बघत राहिलो.

इंजेक्टर म्हणजे शेवटी एक कॉइल आणि एक सुई. करंट दिला की सुई लगेच उचलत नाही, थोडा वेळ घेते. त्याला डेड टाइम म्हणतात. व्होल्टेज कमी झालं की हा वेळ वाढतो. आयडलला आमची पल्स, म्हणजे दर वेळी करंट देण्याचा वेळ, होती २.१ मिलिसेकंदांची. १४ व्होल्टला त्यातले ०.९ सुई उघडण्यात जायचे, प्रत्यक्ष पेट्रोलला उरायचे १.२. हेडलाइट ५५ वॉटचा, त्यात ब्रेकलाइट, पंप, आणि वीज तयार करणाऱ्या जुन्या मॅग्नेटला आयडलला एवढं देणं झेपेना. बॅटरीवर मीटर लावला तर ११.५ व्होल्ट. तिथे डेड टाइम सव्वा मिलिसेकंदावर गेला होता. पेट्रोलला उरले ०.८५, म्हणजे जवळजवळ ३० टक्के कमी. गाडी मरणारच.

ईसीयूमध्ये व्होल्टेजनुसार डेड टाइम बदलायचा तक्ता असतो. माझ्या तक्त्यात सगळ्या व्होल्टेजना एकच आकडा होता. ‘नंतर भरू’ म्हणून मीच सोडला होता. चूक माझीच होती, काकांना तसं सांगितलंही.

मग इंजिन आयडलला ठेवून एकेक दिवा लावत गेलो. व्होल्टेज पाव-पाव उतरवायचं आणि आकडा १३.२ वर परत येईपर्यंत तिथला डेड टाइम वाढवायचा. हेडलाइटला एलईडी बसवला, कारण तक्ता बरोबर असला तरी बॅटरी रोज उतरत राहिली असती. नऊ वाजता हेडलाइट, ब्रेक, इंडिकेटर सगळं एकदम लावलं. आकडा किंचित हलला, इंजिन धडधडत राहिलं.

काका समाधानानं मान हलवत होते, मग एकदम म्हणाले, “आणि बॅटरी पार उतरली तर? पूर्वी एका किकला सुरू व्हायची.”

“आता नाही होणार, काका. पंप चालला नाही तर इंजेक्टरपर्यंत पेट्रोलच पोचत नाही.”

ते थोडा वेळ गाडीकडे बघत राहिले. निघताना फळीवरचा जुना कार्ब्युरेटर त्यांनी स्वतःच उचलला, फडक्यात गुंडाळला आणि बॅगेत टाकला.

“राहू दे माझ्याकडे,” म्हणाले आणि हेडलाइट लावून निघाले.