वर्कशॉपची गरम फरशी: टँकलेस बाद, आता टाकी

वर्कशॉपच्या काँक्रीटच्या फरशीत (स्लॅबमध्ये) नळ्या घालून त्यांतून गरम पाणी फिरवायचं, असा माझा बेत. पाणी वाटून देणारा मॅनिफोल्ड बसला आणि नळ्यांच्या दोन्ही वेटोळ्यांनी (लूपनी) रात्रभर प्रेशर धरलं, हे मागे लिहिलं होतंच. काल संध्याकाळी पहिल्यांदा फरशीतून गरम पाणी फिरलं आणि आज सकाळी मी टँकलेसचा, म्हणजे साठा न ठेवता वाहतं पाणी तापवणाऱ्या हीटरचा, नाद सोडला.

एका मित्राच्या घरातून निघालेला गॅसचा टँकलेस चाचणीपुरता जोडला होता. विकत घेण्याआधी बघून घ्यावं, एवढाच हेतू. पहिली अडचण प्रवाहाची येणार हे ठाऊक होतं. वर्कशॉप १२ बाय २०, म्हणजे २४० चौरस फूट. इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या मॅडिसनमधल्या, उणे २० सेल्सिअसच्या रात्रीही त्याला तासाला ६,००० बीटीयूपेक्षा (हे उष्णतेचं माप) जास्त लागत नाहीत. जाणाऱ्या आणि परतणाऱ्या पाण्यात २० डिग्री फॅरेनहाइटचा फरक धरला, तर गरज ०.६ जीपीएमची (मिनिटाला गॅलन). टँकलेसचा फ्लो सेन्सर ०.५ ला जागा होतो, म्हणजे सगळं काम काठावर. मॅनिफोल्डच्या फ्लोमीटरमधला लाल काटा नुसता थरथरत होता आणि आत ज्योत पेटत-विझत होती. टँकलेसच्या आतलं अरुंद कॉइल पाण्याला फार अडवतं. दोन्ही लूप पूर्ण उघडून ग्रुंडफॉसचा पंप तिसऱ्या गतीवर टाकला, तेव्हा कुठे १.२ जीपीएम मिळाले. पंप मात्र सोन्यासारखा आहे, कान लावल्याशिवाय ऐकूही येत नाही.

मग ज्योत स्थिरावली. स्लॅब ५० डिग्री फॅरेनहाइटवर होता (पुढचे आकडेही फॅरेनहाइटचेच). इन्फ्रारेड थर्मामीटर फिरवत बसलो, तर फरशीवर नळ्यांची नक्षी आकड्यांत उमटायला लागली: नळीच्या डोक्यावर ६८, दोन नळ्यांच्या मधे ६१. तीन-चार तासांत सगळीकडे ७२. मोजे काढून उभा राहिलो. बाहेर बर्फ आणि पायाखाली ही ऊब! ज्यांनी अजून काँक्रीट ओतलेलं नाही त्यांनी जरूर ओता, एवढंच सांगतो.

सकाळी येऊन बघतो तर पंखा घरघरतोय, ठिणगी, ज्योत, खटकन बंद, पुन्हा पंखा. हेच चाललेलं. प्रवाह कालचाच होता, त्यामुळे सेन्सरवर संशय घ्यायला जागा नव्हती. कागद घेऊन बसलो. या टँकलेसची ज्योत कितीही मंद केली तरी ताशी १५,००० बीटीयूच्या खाली येत नाही. १.२ जीपीएमला ती पाणी २५ डिग्रीनं तापवते. काल स्लॅब थंडगार होता, देईल तेवढी उष्णता पीत होता. आज परतीचं पाणीच ८५ डिग्रीचं. त्यात २५ मिळवले की ११०, आणि सेटपॉइंट, म्हणजे यंत्राला ठरवून दिलेलं तापमान, १०० चा. यंत्र स्वतःच ज्योत तोडतं, थांबतं आणि परत पेटतं. हे दिवसभर चाललं तर इग्निटर किती दिवस टिकणार?

प्रायमरी-सेकंडरी पाइपिंग करा, म्हणजे हीटरला आणि फरशीला वेगवेगळे पंप आणि फेरे द्या, असं बरेच जण सुचवतील. त्यानं प्रवाहाचा प्रश्न सुटतो, किमान ज्योतीचा नाही. हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि चर्चेत कायम एकत्र कालवले जातात. फोडणीच्या कढल्याखाली लग्नाच्या आचाऱ्याची भट्टी लावल्यावर पळी कशीही हलवली तरी मोहरी जळणारच. इथल्या एका दुकानदारानं तर मला ८०,००० बीटीयूचा कंडेन्सिंग बॉयलर घ्यायला सांगितलं. त्याची किमान पातळीच ८,०००, म्हणजे माझ्या सगळ्यात थंड रात्रीच्याही वर. खोलीचं माप न विचारता बॉयलर सुचवणाऱ्याकडून मी फिटिंगसुद्धा घेणार नाही. याच मॅडिसनमध्ये फ्रँक लॉइड राइटनं १९३७ साली जेकब्स कुटुंबाचं घर फरशीखालच्या नळ्यांनी गरम केलं, पण ते अख्खं घर होतं. एका खोलीपुरती आच देणारं गॅसचं यंत्र बाजारात जवळजवळ नाहीच.

उपाय एकच, मधे पाण्याचा साठा. जादाचे ताशी ९,००० बीटीयू दहा मिनिटं साठवायचे म्हणजे १,५००. वीस डिग्रीचा चढउतार चालवून घेतला तर नऊ गॅलन पुरतात. उबदार दिवशी गरज कमी, म्हणून साठा थोडा जास्त हवा. २० गॅलनची टाकी धरली. आणि टाकी आणायचीच, तर तिच्यातच एलिमेंट का नको? विजेच्या एलिमेंटला किमान ज्योत नसते, चालू-बंदचं त्याला काही वाटत नाही. गॅसपेक्षा वीज महाग हे खरं, पण चिमणी नाही, गॅसची लाइन नाही.

इथपर्यंत ठरलं होतं. मग ग्लायकॉलचा, म्हणजे पाणी गोठू नये म्हणून घालायच्या द्रवाचा, हिशोब केला. वीज गेली तर वर्कशॉपमधल्या नळ्या गोठू शकतात, त्यामुळे ३० टक्के प्रोपिलीन ग्लायकॉल हवंच, आणि ते टाकीतही भरावं लागणार. त्यापेक्षा टाकी घरातल्या युटिलिटी रूममध्ये साध्या पाण्याची ठेवायची आणि मधे प्लेट हीट एक्स्चेंजर, जो दोन पाणी न मिसळता उष्णता पलीकडे देतो. अर्ध्या इंची पेक्समध्ये (प्लास्टिकच्या नळीत) शंभर फुटाला साधारण ०.९ गॅलन मावतं. माझी नळी २६० फूट, म्हणजे शुद्ध ग्लायकॉल गॅलनभरसुद्धा लागत नाही. एक जादा पंप आणि तीन-चार डिग्रींचं नुकसान, ते मान्य आहे.

आणि हे लिहिता लिहिताच सुचलं. टाकीत ग्लायकॉल नसेल तर ती मोठी का नको? माझं विजेचं बिल वेळेनुसार बदलतं. ५० गॅलन पाणी स्वस्त तासांत १५० पर्यंत तापवलं, तर १०० वर येईपर्यंत २०,८५० बीटीयू देतं. चार इंची स्लॅब पाच डिग्री जास्त तापवला की त्यात आणखी १२,००० च्या आसपास. कडाक्याच्या रात्रीसुद्धा पाच तास निघतात, एरवी त्याहून बरेच जास्त. म्हणून २० गॅलन रद्द, ५० पक्की. फरशीकडे जाणारं पाणी मिक्सिंग व्हॉल्व्हनं १०० वर आणायचं, फरशीचा पृष्ठभाग ८५ च्या आत ठेवायचा.

असंच करणार असाल तर एक सांगतो. वॉटर हीटरचा सेफ्टी व्हॉल्व्ह १५० पीएसआय दाबाला उघडतो, बंद हीटिंग सर्किटसाठी ते फार जास्त आहे. ३० पीएसआयचा वेगळा व्हॉल्व्ह आणि तापून फुगणारं पाणी सामावणारा एक्स्पान्शन टँक लावाच. शिवाय पेक्सच्या जोडांवर ताणून बसवायच्या अपोनॉरच्या एक्स्पान्शन रिंग थंडीत आकसायला फार वेळ घेतात, तेव्हा जोडण्या घरात उबेला करून मग बाहेर न्या.

एलिमेंट ३,८०० वॅटचं मागवलंय. २४० व्होल्टला १५.८ अँपियर, सव्वापट धरूनही २० अँपियरच्या ब्रेकरवर बसतं, म्हणजे पॅनेलमध्ये मोठं काम निघत नाही. वायरिंग इलेक्ट्रिशियन करेल. टाकीच्या बाजूला व्हॉल्व्हसह दोन टी (तीन तोंडांचे जोड) बंद करून सोडतोय. एवढ्या छोट्या मापाचा एअर-टू-वॉटर हीट पंप (हवेतली उष्णता घेऊन पाणी तापवणारा) इथे सहज मिळायला लागला, की तो तिथेच जोडता येईल.