गाडी टायर आतून खात होती

दीड वर्षापूर्वी २००१ सालची माझदा मियाटा घेतली. मी डेट्रॉइटजवळ राहतो. दोन सीटची, मागच्या चाकांची ड्राइव्ह असलेली ही छोटी गाडी मला कॉलेजपासून हवी होती. आधीच्या मालकाने कमी उंचीच्या स्प्रिंग टाकून ती खाली बसवली होती. टायर जवळपास नवे होते.

जुलैत गाडी धुताना स्टिअरिंग पूर्ण डावीकडे वळलेलं राहिलं होतं, म्हणूनच पुढच्या टायरची आतली कड दिसली. तिथलं रबर संपून बारीक तारा बाहेर आल्या होत्या. मोजलं तर बाहेरच्या बाजूला नक्षीची खोली ५.५ मिलिमीटर, मध्ये ५ आणि आत काहीच नाही. आदल्या रविवारी मी बायकोला शेजारी बसवून हायवेवर ७० मैलांनी गेलो होतो. ते आठवून हातपाय गार पडले.

ज्याला विचारावं तो कॅम्बर म्हणे. कॅम्बर म्हणजे चाकाचा उभा कल. गाडी खाली बसवली की चाकांची वरची बाजू आत झुकते, मग आतली कड जास्त घासणार, हे मलाही पटलं. नवे टायर घातले आणि गाडी अलाइनमेंटला, म्हणजे चाकांचे कोन मोजून लावून घ्यायला नेली. कॅम्बर डावीकडे उणे १.५ अंश (उणे म्हणजे वरून आत झुकलेला), उजवीकडे उणे १.४, मशीनवर दोन्ही लाल, म्हणजे मर्यादेबाहेर. "कॅम्बरचे बोल्ट गंजून जाम आहेत, फक्त टो करून देतो," असं तिथल्या माणसाने सांगितलं. टो म्हणजे वरून पाहिल्यावर चाकांची तोंडं आत वळलेली आहेत की बाहेर. तो आकडा हिरवा करून मिळाला.

१,५०० मैलांनी पुन्हा मोजलं. आतली कड बाहेरच्यापेक्षा दीड मिलिमीटरने खाली गेली होती.

माझ्या चुलतभावाचं चिंचवडला अलाइनमेंटचं दुकान आहे. त्याला फोटो पाठवले. तो म्हणाला, "फोटोत काय कळणार? टायरवरून आडवा हात फिरव. आधी आतून बाहेर, मग बाहेरून आत." फिरवला. आतून बाहेर जाताना तळवा अलगद सरकला. बाहेरून आत येताना नक्षीच्या प्रत्येक कंगोऱ्याची धार बोटांना लागली, खवणीवर उलटा हात फिरवल्यासारखी.

"हा कॅम्बर नाही," तो म्हणाला. "कॅम्बरने टायर तिरका झिजतो, पण गुळगुळीत. धार येते ती टोमुळे. तुझी चाकं बाहेर उघडतायत."

हे मला आधी कुणीतरी सांगायला हवं होतं. रात्री बसून हिशेब केला. चाक ०.३ अंश जरी बाहेर वळलेलं असेल, तरी दर किलोमीटरला टायर सुमारे ५ मीटर आडवा फरफटतो. झुकलेलं चाक निदान सरळ गोल तरी फिरतं. वळलेलं चाक क्षणभरही स्वस्थ फिरत नाही.

"पण दादा, टो तर हिरवा आहे."

"अरे, मशीनवर गाडी उभी असते. चालताना रस्ता पुढच्या चाकांना मागे ढकलतो, ब्रेक मारला की आणखी. बुश बघ, चाकाच्या आर्मच्या सांध्यातलं रबर. ते सैल असलं की चाक तिथेच बाहेर वळतं."

शनिवारी गाडी स्टँडवर घेतली. हवा बरोबर होती, २६ पीएसआय. चाक वर-खाली धरून हलवलं, ढिलेपणा नाही. डावी-उजवीकडे धरून हलवलं, टाय रॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याचा चाकाकडचा सांधा, तोही घट्ट. मग लोअर आर्म (चाकाला खालून फ्रेमशी जोडणारा दांडा) आणि फ्रेमच्या मध्ये पहार घालून दाब दिला आणि डावा आर्म चक्क तीन-चार मिलिमीटर मागे सरकला. बुशचं रबर धातूच्या नळीपासून सुटलं होतं. उजव्याला चिरा पडल्या होत्या. वीस वर्षांच्या रबराचं हे होणारच.

मियाटात लोअर आर्म ज्या बोल्टांवर बसतो तेच बोल्ट फिरवून कॅम्बर आणि कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा पुढे-मागे कल) लावतात. इथे हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे ते बुशच्या नळीत गंजून एकजीव झाले होते. गंज सोडवणारं तेल, उष्णता, हातोडा, सगळं करून झालं. शेवटी करवतीने कापले. चार बोल्टांना दोन दिवस लागले. नवे बोल्ट ग्रीस लावूनच बसवले. एक गोष्ट मात्र कुणी विसरू नये: रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळायचे. चाकं लोंबकळत असताना आवळले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

गाडीच्या दोन्ही बाजूंना समांतर दोऱ्या ताणून, रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून टो अंदाजे लावला. पंधरा इंची रिमवर १ मिलिमीटरचा फरक म्हणजे साधारण ०.१४ अंश. तेवढ्यावर दुसऱ्या दुकानापर्यंत नीट पोहोचलो. तिथे ड्रायव्हर सीटवर मिठाच्या चाळीस पौंडी चार गोण्या ठेवल्या, कारण एवढ्या हलक्या गाडीत माझ्या वजनानेही आकडे सरकतात. आधी मागची चाकं करायला सांगितली, कारण गाडी कुठल्या रेषेत जाणार ते तीच ठरवतात. मग पुढचा कॅस्टर, कॅम्बर आणि सगळ्यात शेवटी टो.

आता बोल्ट मोकळे होते, कॅम्बर शून्यावर आणता आला असता. मी दोन्हीकडे मुद्दाम उणे १.४ ठेवायला सांगितला. वळणावर गाडी त्याने छान धरते, आणि दोष कॅम्बरचा नव्हता याची मला खात्रीही करून घ्यायची होती. टो दोन्ही चाकांचा मिळून ०.१ अंश आत.

पुढे पुन्हा नवे टायर घातले. परवा त्यांचे ५,००० मैल झाले. बाहेर ६.६ मिलिमीटर, आत ६.३. दादाला व्हिडिओ कॉल लावून त्याच्यासमोर टायरवरून हात फिरवला, आतून बाहेर आणि बाहेरून आत. दोन्हीकडून गुळगुळीत.